रोटरी कटर, मॅट आणि वॉकिंग फूट : गोधडी शिवणाऱ्यांच्या कसोटीवर

गोधडी शिवण्यासाठी सुई, दोरा, कात्री आणि घरातली जुनी लुगडी एवढे साहित्य पुरेसे असते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आणि ते खरेही आहे. मात्र नव्या कापडाचे तुकडे जोडून पॅचवर्कची गोधडी करणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून पुण्याच्या तुळशीबागेत, मुंबईच्या भुलेश्वरमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत रोटरी कटर, कापडाखाली ठेवायच्या कटिंग मॅट, मापाच्या पारदर्शक पट्ट्या आणि शिलाई मशीनचे वॉकिंग फूट (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या साध्या फुटाच्या जागी बसणारा, वरचा थरही पुढे सरकवणारा भाग) सहज दिसू लागले आहेत. ही साधने घ्यावीत का, घेतली तर कोणती आधी घ्यावीत, आणि जुन्या सुती साडीच्या गोधडीला त्यांचा कितपत उपयोग होतो, हे या परीक्षणात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. मी ज्यांच्यासोबत बसून शिवते त्या गटात हाताने धावदोरा घालणाऱ्या सत्तरीच्या काकू आहेत, तशाच मशीनवर पॅचवर्क करणाऱ्या तरुण मुलीही आहेत. साधनांच्या खोक्यातली माहितीपत्रके जे सांगत नाहीत ते मला या सगळ्यांकडून समजले. म्हणून प्रत्येक साधनाबरोबर ते वापरण्याची युक्तीही इथे देत आहे, कारण युक्ती माहीत नसेल तर यातील निम्मी साधने कपाटात पडून राहतात.

सुरुवात रोटरी कटरपासून करते. कापड कापण्यासाठी गोल, फिरत्या पात्याचा हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणला आणि तुकडे जोडून केलेल्या कामाची गती त्याने पार बदलून टाकली. पाती २८, ४५ आणि ६० मिलिमीटर अशा मापांत मिळतात. २८ चे पाते लहान वळणांसाठी चांगले, ६० चे जाड किंवा अनेक थरांसाठी. पण एकच घ्यायचे असेल तर ४५ चे घ्यावे, याबद्दल आमच्या गटात दुमत नाही. केंब्रिक किंवा पॉपलिनसारख्या सुती कापडाचे चार थर हे पाते एका दाबात स्वच्छ कापते. कात्रीने कापताना खालचे पाते कापडाला उचलते आणि त्यामुळे खालचा थर किंचित सरकतो. इथे कापड मॅटवर सपाट पडलेले असते, म्हणून कापडाची पहिली आणि चौथी पट्टी तंतोतंत सारखी निघते.

कटर चालवण्याची रीत मला गटातल्या एका ताईंनी दाखवली आणि ती लक्षपूर्वक सांगण्यासारखी आहे. उभे राहून कापावे, बसून नव्हे, कारण खांद्याचा दाब सरळ खाली यायला हवा. पाते नेहमी अंगापासून दूर ढकलायचे, स्वतःकडे कधीही ओढायचे नाही. डाव्या हाताची चार बोटे मापाच्या पारदर्शक पट्टीवर पसरून ठेवायची आणि करंगळी मात्र पट्टीच्या बाहेरच्या कडेला, पात्याच्या विरुद्ध बाजूला, मॅटवर टेकवायची. एवढ्याशा आधाराने लांब पट्टी सरकायची थांबते. पट्टी २४ इंच लांब असेल तर एका दमात टोकापर्यंत जाऊ नये. पाते थांबवावे, पण उचलू नये. डावा हात खेकड्यासारखा बोटाबोटाने पुढे न्यावा आणि मग उरलेले कापावे. पट्टी तरीही घसरत असेल तर तिच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपरचे नखाएवढे तुकडे चिकटवले की काम होते. आणि प्रत्येक काप संपला की पात्यावरचे झाकण लागलेच पाहिजे, मग पुढचा काप दोन सेकंदांनी का असेना. घरात लहान मुले असतील तर हा नियम मोडण्याची मुभा कोणालाच नाही.

पाते बोथट झाले आहे की त्याला खाच पडली आहे, हे ओळखण्याची खूणही याच ताईंची. ४५ मिलिमीटरच्या पात्याचा घेर साधारण १४ सेंटिमीटर भरतो. कापलेल्या कडेवर दर १४ सेंटिमीटरवर एखादाच दोरा तुटायचा राहत असेल तर पात्याला एका जागी खाच पडलेली असते, आणि ती बहुधा टाचणीवरून पाते गेल्यामुळे पडते. सगळीकडेच दोरे राहत असतील तर पाते खरोखर झिजलेले असते. मात्र नवे पाते आणण्याआधी कटर उघडून आत साचलेला कापडाचा भुसा पुसावा आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून पाहावा. मधला स्क्रू फार आवळलेला असला तरी पाते फिरत नाही, नुसते घासते, आणि आपल्याला ते बोथट वाटते. काढून टाकलेले पाते कागद कापायला उपयोगी पडते, पण त्यावर मार्करने खूण हवी, नाहीतर ते पुन्हा कापडाच्या कटरमध्ये जाते.

मॅटबद्दल थोडक्यात. दुकानात ए-३ म्हणून मिळणारी मॅट ४५ बाय ३० सेंटिमीटरची असते आणि ए-२ ची ६० बाय ४५ ची. टेबलावर जागा असेल तर मोठीच घ्यावी, कारण लहान मॅटवर पट्टी सतत उचलून पुन्हा मांडावी लागते आणि चूक नेमकी तिथेच शिरते. मॅट उभी टेकवून ठेवू नये, उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नये आणि तिच्यावर इस्त्री तर कधीच करू नये. एकदा ती वाकली की पुन्हा सपाट होत नाही. मॅटवर छापलेल्या रेघांपेक्षा पारदर्शक पट्टीवरच्या रेघांवर विसंबावे, असे माझे मत आहे. पट्टी घेताना मात्र ती इंचांचीच आहे आणि तिच्यावर पाव इंचाची रेघ स्पष्ट आहे, हे बघूनच घ्यावे.

पाव इंचाचा एवढा आग्रह का, हे नव्याने शिवणाऱ्यांना पटत नाही. ब्लाउज शिवताना आपण अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे शिलाईच्या बाहेरचे जादा कापड, सोडतो, पुढेमागे उसवून सैल करता यावा म्हणून. तुकडे जोडण्याच्या कामात माया पाव इंचच धरतात आणि सगळा हिशेब तिच्यावर चालतो. एका ओळीत १६ जोड असतील आणि प्रत्येक जोडाला दोनच मिलिमीटर जास्त कापड गेले, तर ओळ सव्वा इंचाने आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. त्यातही शिलाई पाव इंचाला अगदी केसभर कमी घालावी लागते, कारण जोड एका बाजूला दुमडून इस्त्री केली की कापडाची जाडी त्या घडीत खर्च होते. आपली शिलाई बरोबर पडते का, हे पाहण्यासाठी गटात सर्वांना एक परीक्षा देतात : कापडाच्या दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची आणि मोजायचे. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच भरली तर शिलाई योग्य. कमी भरली तर मशीनच्या पत्र्यावर, सुईपासून मोजून, चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून कापडासाठी कुंपण करायचे. या उपायाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि पाव इंचाचा वेगळा फूट घेण्याची गरज बहुतेकींना त्यानंतर पडत नाही.

इस्त्रीचेही तसेच आहे. जोडावर इस्त्री घासून नेली की कापड ताणते, विशेषतः उरेबात, म्हणजे दोऱ्यांना तिरक्या, कापलेल्या कडा; म्हणून इस्त्री वरून ठेवायची, दाबायची आणि उचलायची. माया गडद कापडाच्या बाजूला दुमडायची, म्हणजे फिक्या रंगातून ती दिसत नाही. एका ओळीतल्या माया उजवीकडे आणि पुढच्या ओळीतल्या डावीकडे दुमडल्या की दोन ओळी जोडताना जोड एकमेकांत घट्ट बसतात आणि कोपरे टाचणीशिवायही जुळतात. एवढे सांभाळले तर कटर, मॅट आणि पट्टी हा संच नव्या कापडाच्या कामासाठी त्याच्या किमतीला नक्की पात्र ठरतो.

जुन्या साडीच्या गोधडीसाठी मात्र मी तो घ्या असे म्हणणार नाही. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे इतके मऊ झालेले असते की पात्याखाली ते सरकते, आणि सहा वार लांबीचे कापड मॅटवर मांडत बसण्यातच वेळ जातो. शिवाय जुन्या साडीचे आडवे दोरे धुण्याने आणि वाळवण्याने तिरके झालेले असतात. पट्टी लावून सरळ कापले तरी कापड दोऱ्यात सरळ राहत नाही आणि शिवलेली गोधडी पहिल्याच धुण्यात एका कोपऱ्याकडे ओढली जाते. आमच्या काकू अशी साडी कापत नाहीत, फाडतात. आधी जरा जाड असलेला काठ कात्रीने बोटभर कापून घेतात, कारण काठ सरळ फाटत नाही. मग दोन्ही बाजू मुठीत धरून एका झटक्यात साडी आडवी फाडतात. साध्या विणीचे सुती कापड नेहमी दोऱ्याच्या रेषेतच फाटते, त्यामुळे ही कड कोणत्याही पट्टीपेक्षा सरळ निघते. फाटलेल्या कडेला थोडी लाट येते, म्हणून त्या बाजूला माया जास्त धरतात. त्यानंतर दोघींनी समोरासमोरचे कोपरे धरून तुकडा तिरका ताणायचा, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या, की वाकडे दोरे जाग्यावर येतात आणि चारही कोपरे काटकोनात बसतात. हे काम कोणताही कटर करू शकत नाही.

साडी खरोखर सुती आहे का, याबद्दल शंका असेल तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापड गोधडीत घालू नये असे नाही, पण सुती आणि मिश्र थर वेगवेगळे आटतात, त्यामुळे दोन्ही एकत्र घ्यायचे असतील तर आधी धुऊन घेणे आवश्यक आहे. लाल, मरून आणि गडद निळ्या कापडाची रंगपरीक्षा ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून घ्यावी. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो असे अनेक जणी सांगतात; आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. तो निघून जाईपर्यंत कापड वेगळे धूत राहणे किंवा ते बाजूला ठेवणे, एवढेच हाती उरते.

आता वॉकिंग फूटकडे वळते, कारण या सगळ्या साधनांत माझी सर्वांत ठाम शिफारस त्याची आहे. साध्या मशीनवर खालचे दाते कापड पुढे नेतात आणि वरचा फूट ते फक्त दाबून धरतो. दोन थर असतील तर हे चालते. पण वरचे पॅचवर्क, मधला थर आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र शिवताना खालचा थर दात्यांबरोबर पुढे जातो आणि वरचा फुटाखाली अडून मागे राहतो. दोन वितींची शिलाई होईपर्यंत वरच्या कापडाची चुणी फुटापुढे जमते आणि शेवटी ती शिलाईखाली दुमडली जाते. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. त्याचा एक दांडा सुईच्या स्क्रूवर टेकलेला असतो. सुई वर-खाली होते तसा तो दांडा वरचे दाते उचलतो आणि पुढे सरकवतो, त्यामुळे वरचा आणि खालचा थर एकाच वेळी, एकाच गतीने जातात. चुणी पडण्याचे मूळ कारणच त्यामुळे नाहीसे होते.

फूट घेण्याआधी तो आपल्या मशीनला बसेल का, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. बहुतेक घरगुती मशीनचा दांडा आखूड असतो, म्हणजे फूट खाली असताना त्याच्या स्क्रूपासून पत्र्यापर्यंतचे अंतर साधारण पाऊण इंच भरते. आखूड दांड्याचा वॉकिंग फूट त्यांना बसतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या, फक्त सरळ टाका घालणाऱ्या पायमशीनवर आणखी एक अडचण येऊ शकते : त्यांचे दाते अरुंद असतात आणि फुटाचे वरचे दाते त्यांच्यावर नीट येत नाहीत, मग वरचा थर हवा तसा ओढला जात नाही. दुकानात जाताना मशीनचा साधा फूट, त्याचा स्क्रू आणि पत्र्याचा मोबाइलवर काढलेला जवळचा फोटो सोबत न्यावा, हा सल्ला आमच्या गटात नव्या येणाऱ्या प्रत्येकीला दिला जातो. बसवताना वॉकिंग फुटाच्या स्वतःच्या दांड्याचा दुबेळका भाग सुईच्या स्क्रूच्या वर गेलाच पाहिजे. तो खाली राहिला तर फूट चालतच नाही.

वापरताना टाका ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवावा. तुकडे जोडताना जो दोन-सव्वादोनचा टाका घालतो तो इथे फार बारीक पडतो, थर आवळले जातात आणि उसवायची वेळ आली तर कापडाला छिद्रे पडतात. सुई १४ नंबरची घ्यावी, थर जाड असतील तर १६ ची. मशीनच्या माथ्यावर दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू असेल तर दाब थोडा कमी करावा. वेग कमी हवा, कारण वेगाने चालवल्यास वरच्या दात्यांची पकड सुटते. या बाबतीत पायमशीनवर शिवणाऱ्यांचा हात मोटरवाल्यांपेक्षा अधिक बसलेला असतो, हे मी पाहिले आहे. या फुटाने उलटी शिलाई नीट होत नाही आणि फुलापानांची मोकळी वळणेही होत नाहीत. सरळ रेघा, तिरक्या चौकडी आणि मोठी, सौम्य वळणे एवढेच त्याचे क्षेत्र आहे, आणि गोधडीला बहुधा तेवढेच लागते.

फूट कितीही चांगला असला तरी थर आधी नीट टाचले नसतील तर तो काही वाचवू शकत नाही. अस्तर वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठे घ्यावे, फरशीवर ताठ पसरून कडांना चिकटपट्टी लावावी, त्यावर मधला थर आणि मग वरचा भाग ठेवून मधून बाहेर तळव्याने हवा काढत न्यावी. सेफ्टी पिना एकेका मुठीच्या अंतरावर लावाव्यात. पावसाळ्यात अर्धवट गोधडी पिनांसकट गुंडाळून ठेवू नये. कोकणातल्या आमच्या एका वहिनींनी हे आवर्जून सांगितले, कारण तिकडच्या दमट हवेत पिनांचा गंज कापडावर उतरतो आणि तो डाग जात नाही.

मशीनची शिलाई मधोमध सुरू करून कडेकडे न्यायची असते, म्हणजे उरलेला सैलपणा बाहेर ढकलला जातो. हाताच्या गोधडीत मात्र अनेक घरांत नेमके उलटे करतात : कडेने फेरे घालत आत मध्यापर्यंत यायचे. उत्तर कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या गोधड्याही अशाच कडेपासून आत शिवत नेतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. हाताची सुई थरांना पुढे ढकलत नाही. शिवणारी बाई दर दोन टाक्यांनी तळहाताने कापड सपाट करत जाते आणि सैलपणा जागच्या जागी जिरवते. मशीनपुढे हात एवढा मोकळा नसतो, म्हणून तिथे मध्यापासून निघणेच योग्य. मशीनवर शिवताना डावीकडे आणि मागे टेबल किंवा स्टूल लावून गोधडीचे वजन उचलून धरावे. ते खाली लोंबकळत राहिले तर सुई वाकते, टाके लहान-मोठे होतात आणि दोष विनाकारण फुटाला दिला जातो.

हाताने शिवणाऱ्यांसाठी खर्च अगदीच थोडा आहे. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई आखूड आणि बारीक. १० नंबरची आखूड सुई बारीक धावदोऱ्याला चांगली, मात्र पाच-सहा थरांच्या साडीच्या गोधडीला लांब आणि जाड सुईच हवी. दोरा एक हात, म्हणजे १८ इंच, घ्यावा. त्याहून लांब दोरा पीळ खातो आणि गाठी पडतात. रिळावरून आधी सुटलेले टोक नेढ्यात आणि कापलेले टोक गाठीला, हा क्रम पाळला की पीळ आणखी कमी होतो. दोरा नेढ्यात जात नसेल तर दोऱ्याऐवजी नेढे ओले करावे. अंगुस्ताना धातूचा घ्यावा आणि तो मधल्या बोटावर हलकेच अडकला पाहिजे. सैल असेल तर घालूनही उपयोग नाही.

एकदम सगळा संच घेऊ नये. ज्यांच्याकडे वॉकिंग फूट बसेल अशी मशीन आहे आणि ज्या तीन थरांची गोधडी शिवतात, त्यांनी पहिल्यांदा वॉकिंग फूट घ्यावा, कारण त्याची जागा दुसरी कोणतीही युक्ती भरून काढत नाही. नव्या कापडाचे पॅचवर्क मनापासून करायचे ठरले की मग ४५ चा कटर, ए-२ मॅट आणि ६ बाय २४ इंचांची पट्टी एकत्रच घ्यावी. यातले एक नसले तर बाकीच्या दोघांचा फारसा उपयोग नाही. जुन्या साड्यांचीच गोधडी करणाऱ्यांनी ते पैसे चांगल्या कात्रीत, पक्क्या सुती दोऱ्यात आणि धातूच्या अंगुस्तान्यात घालावेत आणि साडी फाडायला घरातल्या कोणाला तरी समोर बसवून घ्यावे.